नंबर मोठा असेल तर फ्रेम लहान घ्या: चष्म्याची फ्रेम आणि काच कशी निवडावी

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याला दांडिया बाजारात राहणाऱ्या एका आईने लेकीसाठी आणि स्वतःसाठी विचारलंय. लेक १६ वर्षांची, दोन्ही डोळ्यांचा नंबर −५.५० / −१.०० × १८० (गोल नंबर / सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेतला नंबर × त्याचा अक्ष अंशांत), पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांच्या मध्यांतलं अंतर, ६० मिमी. कॉलेजला स्कूटरने जाते. तिला ५६-१८ मापाची मोठी चौकोनी फ्रेम आवडली आहे आणि दुकानदार म्हणतोय, "१.७४ची काच घ्या, एकदम पातळ येईल." आई ५१ वर्षांच्या, चाळिशी लागलेली. त्यांनी केलेला प्रोग्रेसिव्ह (दूरचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत, मध्ये रेघ नसलेला) चष्मा घातला की गरगरतं, म्हणून तो कपाटात पडून आहे. ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश गाळणारी काच, घ्यावी का, हेही विचारलंय.

ताई, आधी लेकीचं बघू. त्या फ्रेमचा आग्रह सोडलात तर १.७४च्या काचेची गरजच उरणार नाही. मायनस काचेची जाडी इंडेक्सपेक्षा (१.५०, १.६०, १.७४ हा काचेचा प्रकाश वळवण्याचा आकडा; तो जितका मोठा तितकी काच पातळ) फ्रेमच्या मापावर जास्त अवलंबून असते. म्हणून फ्रेम पसंत करण्याआधी नंबर आणि पीडी हातात हवेत.

फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे छापलेले असतात: ५६, १८, १४०. पहिला एका काचेची आडवी रुंदी, दुसरा दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. पहिले दोन मिळवले की फ्रेमची पीडी येते, इथे ७४. लेकीची पीडी ६० आहे. फरक १४ मिमी. म्हणजे प्रत्येक काचेचा ऑप्टिकल सेंटर (बाहुलीसमोर यायला हवा तो काचेचा मध्य) फ्रेमच्या मध्यापासून ७ मिमी नाकाकडे घ्यावा लागणार. मायनस काच सेंटरला सगळ्यांत पातळ असते आणि कडेकडे जाड होत जाते. सेंटर नाकाकडे सरकला की कानाकडची कड त्याच्यापासून २८ + ७ = ३५ मिमी लांब पडते, आणि जाडी या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

हिशेब घरी करता येतो. अंतराचा वर्ग गुणिले नंबर, त्याला भागिले २००० × (इंडेक्स − १). आलेल्या आकड्यात काचेची मधली जाडी मिळवायची: साध्या १.५० काचेत २ मिमी, १.६०मध्ये १.५, त्यावरच्या इंडेक्सला १.३ धरा. आडव्या दिशेला नंबर ५.५०च घ्यायचा, कारण १८० अक्षावरचा सिलिंडर उभ्या दिशेला काम करतो. तुमच्या लेकीच्या ५६-१८ फ्रेममध्ये कानाकडची कड साध्या काचेत ८.७ मिमी येते, १.६०मध्ये ७.१, १.६७मध्ये ६.३ आणि १.७४मध्ये ५.९. आता ४६-१८ची फ्रेम घ्या. तिची पीडी ६४, सेंटर फक्त २ मिमी सरकवायचा, कड २५ मिमीवर. साध्या काचेत ५.४ मिमी, १.६०मध्ये ४.४, १.६७मध्ये ३.९. काचेची वक्रता आणि फ्रेमचा आकार यांमुळे प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होईल, पण मुद्दा बदलत नाही: लहान फ्रेममधली सगळ्यांत स्वस्त काच मोठ्या फ्रेममधल्या सगळ्यांत महाग काचेपेक्षा पातळ येते.

जाडी निदान डोळ्यांना दिसते. मोठ्या फ्रेमचा दुसरा दोष दिसत नाही आणि तोच जास्त त्रास देतो. तयार काच गोल ब्लँकच्या रूपात येते, व्यास बहुधा ६५, ७० किंवा ७५ मिमी. ५६च्या चौकोनी फ्रेममध्ये एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर ६० मिमीच्या आसपास जातं. त्यात सेंटर सरकवण्याचे दुप्पट, म्हणजे १४, आणि घासण्यासाठी २ मिळवा: ७६ मिमीचा ब्लँक हवा. दुकानात ७०चा असेल तर सेंटर ७ऐवजी ४ मिमीच सरकतो. काच फ्रेममध्ये छान बसते, चष्मा चकचकीत दिसतो, पण काचांची पीडी ६०ऐवजी ६६ झालेली असते. प्रत्येक डोळा सेंटरपासून ३ मिमी बाजूने बघतो. ५.५० नंबरला ०.३ सेंमीने गुणा: प्रत्येक डोळ्यापुढे १.६५ प्रिझम (प्रतिमा बाजूला सरकवण्याचं माप), दोन्ही मिळून ३.३. दूरचं एक दिसण्यासाठी डोळ्यांना बाहेरच्या बाजूला वळावं लागतं, आणि ती ताकद माणसाच्या डोळ्यांत मुळातच कमी असते. मग संध्याकाळपर्यंत कपाळ दुखतं, घरचे म्हणतात नंबर चुकला, पुन्हा तपासणी होते, नंबर तोच निघतो. दोष काच बसवण्यातला असतो.

म्हणून चष्मा करायला टाकताना पीडी लिहून घेण्याचा हट्ट धरा. नंबरच्या कागदावर ती बरेचदा नसते. दुकानात सरळ गुजरातीत सांगा, "पीडी कार्ड पर लखी आपजो", म्हणजे कार्डावर लिहून द्या. घरी पडताळायची असेल तर मिलिमीटरची पट्टी पुरते. लेकीच्या समोर ४० सेंमीवर, डोळे एका पातळीत येतील असं बसा आणि पट्टी तिच्या नाकावर टेकवा. तुमचा उजवा डोळा मिटा आणि तिला तुमच्या डाव्या डोळ्यात बघायला सांगा. आपल्याकडे बुबुळं गडद असल्याने बाहुलीची कड नीट दिसत नाही, म्हणून बुबुळाचीच कड धरा: तिच्या उजव्या बुबुळाची कानाकडची कड शून्यावर आणा. पट्टी न हलवता आता तुमचा डावा डोळा मिटा, उजवा उघडा, तिला त्यात बघायला सांगा आणि तिच्या डाव्या बुबुळाची नाकाकडची कड वाचा. तीन वेळा मोजा. आकड्यांत १ मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर डोकं किंवा पट्टी हललेली आहे.

आता नेमकी कोणती फ्रेम. काचेची रुंदी ४६ ते ४८, मधलं अंतर १८ किंवा त्याच्या आसपास, आणि फ्रेमच्या पीडीत व डोळ्यांच्या पीडीत ६ मिमीपेक्षा जास्त फरक नको. कोपरे गोलसर हवेत, कारण टोकदार कोपरा सेंटरपासून सगळ्यांत लांब असतो आणि तिथेच जाडी उठून दिसते. चेहरा रुंद असेल आणि लहान काच तोंडावर हरवल्यासारखी वाटत असेल तर काच मोठी करण्याऐवजी बिजागराकडचा भाग बाहेर आलेली फ्रेम शोधा. तिची एकूण रुंदी चेहऱ्याला भरते आणि काच लहानच राहते. असिटेटची (एक प्रकारचं प्लॅस्टिक) जाड रिम असेल तर २-३ मिमी कड रिममध्येच झाकली जाते. सुप्रा (खालची अर्धी रिम नसलेली) आणि रिमलेस (रिमच नसलेली) या नंबरला नकोत, सगळी कड उघडी पडते. गोल चेहऱ्याला चौकोनी, लांब चेहऱ्याला उंच, असे जे ठोकताळे सांगतात ते आवडीपुरते ठीक. भुवया रिमच्या वरच्या कडेच्या जवळपास राहाव्यात आणि हसताना फ्रेम गालांवर टेकून वर उचलली जाऊ नये, एवढं आरशात नक्की बघा.

इंडेक्स १.६० घ्या. ४६च्या फ्रेममध्ये १.६७ने फक्त अर्धा मिलिमीटर वाचतो, आणि त्यासाठी काचेची स्वच्छता द्यावी लागते. ती ॲबे आकड्यात मोजतात. आकडा जितका कमी तितकी कडेने बघताना पांढऱ्या-काळ्याच्या सीमेवर निळी-पिवळी किनार जास्त. साध्या काचेचा ॲबे ५८, चांगल्या १.६०चा ४१ च्या आसपास, १.६७चा ३२, पॉलिकार्बोनेट या चिवट प्लॅस्टिकचा ३०. स्कूटर आणि वय बघता काच सहज फुटणारी नको. १.६० चिवट असते, तिच्यावर भागतं. लहान, धडपडणारं मूल किंवा रोज मैदानात खेळणारा मुलगा असता तर पॉलिकार्बोनेटच सांगितलं असतं, कारण आघात सोसण्यात ते सरस आहे. ट्रायव्हेक्स हे दुसरं काचेचं प्लॅस्टिक मिळालं तर त्याहून चांगलं: तितकंच चिवट, वजनाला हलकं आणि ॲबे ४४च्या घरात. इंडेक्स फक्त १.५३ असल्याने कड थोडी जाड येते.

कोटिंगमध्ये काटकसर नको. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे दोन्ही मिळून ८ टक्के वाया. इंडेक्स वाढतो तसं हे वाढतं, १.६७मध्ये १२ टक्क्यांच्या पुढे जातं. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याची दुसरी प्रतिमा दिसते ती यामुळेच. अँटिरिफ्लेक्शन कोटिंग, दुकानातली भाषा एआरसी, १.६०पासून पुढे लागतंच. हार्ड कोट, म्हणजे ओरखडे रोखणारा थर, त्याच्या खाली असतो. तो नसेल तर वरचं कोटिंग लवकर ओरखडतं.

ब्लू कटबद्दल स्पष्ट सांगतो. स्क्रीनने डोळे थकतात ते मुख्यतः पापण्या कमी मिटल्यामुळे आणि सतत जवळ बघण्यामुळे. २०२३च्या कॉक्रेन समीक्षेत १७ चाचण्या एकत्र तपासल्या. निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांनी संगणकाच्या कामाचा डोळ्यांचा थकवा, निदान थोड्या काळात, कमी होतो असं त्यात आढळलं नाही. काच किंचित पिवळट दिसते ती वेगळीच. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. तेच पैसे चांगल्या एआरसीवर घाला. अतिनील किरणांपासून संरक्षण हवंच, पण १.६० आणि पॉलिकार्बोनेट ते मुळातच देतात.

उन्हात गडद होणाऱ्या फोटोक्रोमिक काचांकडून बडोद्यात एक अपेक्षा ठेवू नका. त्यातलं रसायन अतिनील किरणांनी गडद होतं आणि उष्णतेने पुन्हा फिकं होतं. त्यामुळे उत्तरायणाला गच्चीवर पतंग उडवताना जी काच मस्त काळी होते, तीच मे महिन्यात ४२ अंशांत अर्धवटच गडद होते. मोटारीच्या पुढच्या काचेमागे किंवा हेल्मेटची व्हायझर बंद असताना अतिनील किरण पोचत नाहीत, तिथे ती जवळपास पांढरीच राहते. स्कूटरसाठी म्हणून घेत असाल तर उपयोग नाही.

फ्रेमचं साहित्य घामाच्या हिशेबाने निवडा. मोनेल हा निकेल-तांब्याचा मिश्रधातू. वरचा मुलामा घामाने गेला की नोज पॅडच्या बुडाशी हिरवं साचतं आणि निकेल न सोसणाऱ्यांच्या कानामागे खाज सुटते. टायटॅनियम किंवा चांगलं स्टेनलेस स्टील टिकतं. टीआर-९० हे प्लॅस्टिक हलकं आणि लवचिक, पण गरम करून हवा तो आकार द्यायला अवघड, म्हणजे दुकानातून बसेल तशीच ती बसणार. असिटेट गरम हवेवर मऊ करून हवं तसं वळवता येतं. नाकाचा पूल बसका असेल तर मात्र असिटेटचे जागच्या जागी असलेले पॅड टेकत नाहीत आणि फ्रेम घसरते. अशा वेळी धातूच्या तारेवरचे, फिरवता येणारे सिलिकॉन पॅड घ्या. हेल्मेट घालायचं तर काड्या सरळ आणि बारीक हव्यात. रुंद काडी हेल्मेटखाली कानपट्टीवर दाबते आणि फ्रेम वर उचलते.

आता तुमचा प्रोग्रेसिव्ह. तो टाकून देण्याआधी एक तपासणी करा. काचेवर हलकी फुंकर मारून वाफ धरा आणि ट्यूबलाइटकडे तिरपी धरून बघा. प्रत्येक काचेवर एकमेकांपासून ३४ मिमीवर कोरलेल्या दोन बारीक खुणा दिसतील. कानाकडच्या खुणेखाली जवळचा वाढीव नंबर असतो: २.०० असेल तर २० किंवा २.०. दोन्ही खुणांवर मार्करने ठिपके लावा आणि त्यांना जोडणारी रेघ ओढा. बाहुलीसमोर यायला हवा तो बिंदू, फिटिंग क्रॉस, बहुतेक डिझाइनमध्ये या रेघेच्या मध्याच्या सुमारे ४ मिमी वर असतो. कंपनीच्या छापील तक्त्यावर दुकानदार तो अचूक दाखवू शकतो. चष्मा घालून, सरळ समोर बघत, तो बिंदू बाहुलीच्या मध्यावर येतो का बघायला कोणाला तरी सांगा.

इथे बहुधा गडबड सापडते. वाचताना हनुवटी वर करावी लागत असेल तर काच खाली बसली आहे. समोरचं अंधुक आणि हनुवटी खाली केली की स्वच्छ, असं होत असेल तर काच वर बसली आहे. पान वाचायला मान एका बाजूला वळवावी लागत असेल तर पीडी चुकली. ती दोन्ही डोळ्यांची मिळून न घेता नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याची वेगळी घ्यायला हवी होती, कारण एक बाजू ३० आणि दुसरी ३२ असणं अगदी सामान्य आहे. काच वर-खाली बसते ती बाहुलीची उंची कोऱ्या फ्रेमवर अंदाजाने धरल्यामुळे. खरी पद्धत अशी: आधी फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर बसवायची, पॅड आणि कानामागचा बाक ठीक करायचा, मग तुम्ही नेहमीसारख्या उभ्या किंवा बसलेल्या असताना फ्रेममधल्या डेमो काचेवर बाहुलीच्या मध्यावर ठिपका मारायचा आणि तिथून खालच्या रिमपर्यंत मोजायचं. पॅड नंतर वाकवले की ही उंची बदलते, म्हणून क्रम महत्त्वाचा.

वरून खाली नंबर बदलत जाणारी पट्टी साधारण १४ मिमीची असते. त्यासाठी ठिपक्यापासून खालच्या रिमपर्यंत किमान १८ मिमी हवेत, २० ते २२ असले तर वाचनाची जागा ऐसपैस मिळते. त्यामुळे तुमच्या फ्रेमची काच उभी निदान ३० मिमी असावी. अगदी अरुंद, आडवी फ्रेम प्रोग्रेसिव्हला घेतली की वाचनाचा भाग घासून निघूनच जातो. फ्रेम चेहऱ्याकडे खालून ८ ते १२ अंश झुकलेली आणि डोळ्यांपासून १२ ते १४ मिमीवर असावी. पुढे नाकावर घसरली तर सगळं गणित बिघडतं. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर घामाने चष्मा घसरतो तो बाक चुकीच्या जागी असल्यामुळे. काडी कानाच्या वरच्या टोकाशी येईपर्यंत सरळ आणि तिथून लगेच खाली वळलेली हवी.

चाळिशीचा नंबर ५०च्या सुमारास १.७५ ते २.००पर्यंत पोचलेला असतो. जवळचा नंबर जितका जास्त तितक्या काचेच्या खालच्या दोन्ही बाजू जास्त धूसर, आणि बघता बघता कडा हलल्यासारख्या वाटतात. मेंदूला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पण त्यासाठी चष्मा सकाळपासून रात्रीपर्यंत घातला पाहिजे, तास-दोन तास घालून काढून ठेवला तर सवय लागत नाही. बाजूला बघायचं तर डोळ्यांबरोबर मान वळवा. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांचे उभे जिने उतरताना हनुवटी छातीकडे घ्या, म्हणजे पायरी वरच्या भागातून दिसेल. पहिले काही दिवस कठडा सोडू नका. माप बरोबर असूनही तीन आठवड्यांत जमलं नाही तर डी बायफोकल (खाली डी अक्षरासारखा वाचनाचा वेगळा भाग असलेली काच) घ्यायला कमीपणा मानू नका. त्याचा वाचनाचा भाग रुंद आणि स्थिर असतो, फक्त रेघ दिसते आणि हाताच्या अंतरावरचं तितकं स्पष्ट दिसत नाही. दिवसभर संगणकावर बसत असाल तर त्या अंतराचा वेगळा चष्मा सगळ्यांत सोयीचा.

चष्मा घ्यायला गेल्यावर लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायचं यंत्र) नंबर दाखवायला सांगा आणि सेंटरचे ठिपके मारून त्यांच्यातलं अंतर पट्टीने मोजा. अक्ष नक्की बघा: १० अंश चुकला तरी सिलिंडरचा सुमारे ३५ टक्के भाग दुरुस्त न होता राहतो, ३० अंश चुकला तर चष्म्याचा सिलिंडर असून नसल्यासारखा. फ्रेम उलटी करून सपाट टेबलावर ठेवा, दोन्ही रिम आणि दोन्ही काड्या एकाच वेळी टेकल्या पाहिजेत. एक गोंधळ हमखास होतो तोही सांगून ठेवतो. रावपुऱ्यातल्या कागदावर −५.५० / −१.०० × १८० आणि अलकापुरीतल्या कागदावर −६.५० / +१.०० × ९० लिहिलं असेल तर नंबर वाढलेला नाही. दोन्ही एकच आहेत, फक्त लिहिण्याची पद्धत वेगळी. गोल नंबरात सिलिंडर मिळवा, सिलिंडरचं चिन्ह उलटा, अक्ष ९०ने बदला, पहिल्यावरून दुसरा येतो.

निगा राखण्यात बडोद्यातली नेहमीची चूक एकच: चष्मा स्कूटरच्या डिकीत किंवा मोटारीच्या डॅशबोर्डवर उन्हात राहतो. उष्णतेने प्लॅस्टिकची काच फुगते, वरचं एआरसी तितकं ताणलं जात नाही आणि त्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात. प्रकाशाकडे धरल्यावर जाळं दिसतं आणि ते पुसून जात नाही. गरम पाण्यानेही हेच होतं. आधी साध्या नळाच्या पाण्याखाली धूळ जाऊ द्या, भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब बोटांनी फिरवा, धुवा, मग स्वच्छ मायक्रोफायबरने टिपा. कोरडी काच ओढणीने किंवा पदराने पुसली की धुळीचे कण ओरखडे काढतात. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन काचेजवळ आणू नका, पॉलिकार्बोनेट त्याने पांढरं पडतं.

लेकीचा नंबर −६च्या घरात आहे आणि वय वाढीचं, म्हणून दर सहा महिन्यांनी नंबर आणि वर्षातून एकदा बाहुली मोठी करायचे थेंब घालून डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासून घ्या. ही तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच होते, चष्म्याच्या दुकानात होत नाही. नंबर वर्षाला अर्धा किंवा त्याहून जास्त वाढत असेल तर मायोपियाची, म्हणजे मायनस नंबरची, वाढ मंदावणाऱ्या खास काचांबद्दल त्यांनाच विचारा. आणि एका डोळ्यापुढे अचानक पुष्कळ काळे ठिपके, विजेसारखी चमक किंवा पडदा ओढल्यासारखी सावली आली तर चष्म्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.